दोन, दोन, तीन

विरळणी सुरू झाली की बोटांना एक हिरवा, कडू वास चिकटतो. साबणानं जात नाही, चिंचेनं जात नाही. भाकरी थापली की भाकरीला लागतो. लग्न होऊन मखमलाबादला आले, बाग लावली, तेव्हापासून दर डिसेंबरला हा वास माझ्या हाताला आहे आणि मी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. दोन वर्षांपासून मात्र तो आला की माझं डोकं फिरतं. यंदा जास्तच फिरलं, कारण यंदा लोक घरी येऊन मलाच सांगायला लागले की आमच्या घरात, बागेत फार शांतता आहे म्हणून.

कसली शांतता?

ज्यांना द्राक्ष फक्त गाडीवरून किलोनं माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. वेलीला घड लागतो तेव्हा त्यात मणी गच्च असतात, बाजरीच्या कणसासारखे. सगळे ठेवले तर एकही धड वाढत नाही. म्हणून बाया मांडवाखाली उभ्या राहतात आणि बारीक कात्रीनं निम्म्याहून जास्त मणी कापून टाकतात. ही विरळणी. मग मणी थोडे फुगले की ते आणखी वाढवायचं औषध कालवायचं आणि एकेक घड मगात बुडवून काढायचा. औषध कोपरापर्यंत ओघळतं. सकाळच्या थंडीत हात बधिर होतात, दुपारी चरचरतात. कालवलेलं औषध त्याच दिवशी संपवावं लागतं, उरलं तर ओतून द्यावं लागतं. महिनाभर मान वर. घरी येऊन ताटाकडे बघायला मान खाली केली की कळ थेट पाठीत उतरते.

मागच्या आठवड्यात एक बाई आली होती, मोबाइलवर मुलाखती घेणारी. जाड चष्मा, खांद्याला झोळी, बोलायला गोड. माझा मुलगा योगेश गिटार वाजवतो. त्याचा अल्बम दिवाळीत आला, लोकांच्या मोबाइलवर, आणि तो म्हणे बाहेरदेशीसुद्धा ऐकतात. बाई त्याच्यासाठी आली होती, पण तो आंघोळीला गेला होता, म्हणून माझ्यामागे बागेत आली. चपला हातात धरून चिखलातून चालत होती.

"आजी," ती म्हणाली, "दादांच्या संगीतात ना, ही विरळणीच आहे. नको ते सूर काढून टाकलेत. आणि बागेतली ही शांतता."

"बागेत शांतता कुठं दिसली तुला?" मी म्हटलं. "तो ब्लोअर ऐक. ती मोटर ऐक. त्या बाया ऐक, सकाळपासून एकीच्या सासूला शिव्या चालल्यात."

ती हसली. "किती छान बोलता तुम्ही!"

"छान बोलते म्हणू नको. मान दुखते का विचार."

तिनं तेही मोबाइलवर घेतलं, पण मानेचं काही विचारलं नाही.

योगेश आधी असा हळू वाजवायचा नाही. कॉलेजात होता तेव्हापासून त्यांचं चौघांचं टोळकं होतं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वायरवाली गिटार, ढोल आणि कपाटाएवढा स्पीकर. पत्रा थरथरायचा. मी जाऊन दार वाजवायचे, त्यांना ऐकू जायचं नाही, मग मी मेन स्विच बंद करायचे. मालक, म्हणजे माझा नवरा, मला अडवायचे. "वाजवू दे गं. पाखरं तरी बसत नाहीत घडांवर." त्यांना ते संगीत कळायचं असं नाही. पण पोरगा दारू पीत नाही, पत्रा वाजवतो, एवढ्यावर ते खूश होते. शेडच्या बाहेर खाट टाकून त्या गोंगाटात घोरायचे.

पुढं टोळकं मोडलं. दोघं पुण्याला गेले, एक विम्याच्या कामाला लागला. योगेशला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम मिळालं, घरी बसून करायचं. लग्न झालं. सून मनीषा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वायरवाली गिटार कपाटावर गेली आणि घरात एक लाकडाची आली. ती तो मांडीवर घेऊन नुसत्या बोटांनी वाजवायचा. हळू बोलायलाही लागला. भांडायचा नाही. मी काही टोचून बोलले तर "हो आई" म्हणून आत जायचा. भांडला असता तर बरं झालं असतं, माझाही आवाज मोकळा झाला असता.

मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मालकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. माणूस बोलका होता, पंचवटीत भाजी विकायला गेला तर भाजी संपल्यावर दोन तासांनी घरी यायचा, इतका बोलका. आता तोंडातून नुसता वाऱ्यासारखा आवाज निघायचा आणि तो निघाला की त्यांनाच त्याचा राग यायचा. डावा हात चालत होता. मी त्या हातात स्टीलचा पेला दिला. पलंग लोखंडी पाइपचा. सांगितलं, ओरडायचं नाही, पाइपवर वाजवायचं. एकदा वाजवलं की पाणी. दोनदा वाजवलं की लघवीचं भांडं. तीनदा वाजवलं की कूस बदलायची. एवढ्या तीनच गोष्टी उरल्या होत्या त्यांच्या मागायच्या.

मनीषानं एका दिवसात पाठ केलं. योगेशला मी दोनदा सांगितलं. तो दोन्ही वेळा "हो आई" म्हणाला. पण पेला वाजला की उठायची मी, नाहीतर मनीषा. त्याच्यावर वेळच आली नाही. कानाला सवय नसली की दोन काय आणि तीन काय.

मालकांच्या खोलीला लागून एक कोठी आहे. तिथं आम्ही द्राक्षं भरायचे पुठ्ठ्याचे खोके ठेवायचो. योगेशनं ते खोके चारी भिंतींना छतापर्यंत रचले, फटीत कागदाचं कातरण कोंबलं, दाराला जुनी गादी बांधली. म्हणाला, आवाज घुमत नाही. आत माइक, कॉम्प्युटर आणि तो. कानावर मोठी झाकणं. त्या झाकणांत टिक टिक वाजत राहते आणि त्या टिकटिकीवर तो गिटार वाजवतो, असं मनीषानं मला सांगितलं होतं. आपल्याला बाहेर टिकटिक ऐकू येत नाही, त्याला आत बाहेरचं काही ऐकू येत नाही.

आता यंदाचं सांगते.

आमच्याकडे विरळणीला पेठकडच्या बायांची टोळी येते. मुकादम हिराबाई माझ्याच वयाची, तोंडानं माझ्याहून फटकळ. दहा दिवसांपूर्वी सकाळी नऊचा सुमार होता. टोळीतली कविता, दोन लेकरांची आई, तिनं मोबाइल मांडवाच्या तारेला अडकवला आणि विचारलं, "काकू, दादाचं गाणं लावू का? माझ्या नवऱ्यानं धाडलंय."

"लाव," मी म्हटलं. तोवर मी ते ऐकलेलं नव्हतं. घरात कोणी लावत नव्हतं आणि मला मोबाइलमधलं शोधता येत नाही. योगेशनंही कधी "आई, ऐक" म्हटलं नव्हतं. मी समजत होते, लाजतो.

गिटार सुरू झाली. पाच मिनिटं झाली, सात झाली. हिराबाईनं कात्री थांबवली.

"हे गाणं सुरू कधी व्हायचं?"

"हेच गाणं हाय, मावशी," कविता म्हणाली.

"हे? यात बाई कुठं हाय? बाप्या कुठं हाय?"

"नुसतं वाजवलंय. अठरा मिनिटांचं हाय."

"अगं बाई, अठरा मिनिटं! लय झोप येती अशानं. मण्याऐवजी बोट कापलं म्हंजे काकू भरून देणार हायेत का?"

बाया हसल्या. मीही हसले. पण ऐकत होते. वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. बोटं तारेवरून सरकतात ती किरकिरसुद्धा ऐकू येत होती. एक धून धरायचा, ती ओळखीची व्हायला लागली की सोडून द्यायचा आणि दुसऱ्याच मापात शिरायचा. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात म्हणे, फक्त याच्यात रॉकवाला दणका नाही. माझ्या मनात आलं, मालकांनी खाटेवर पडून ऐकलं असतं.

तेवढ्यात ते आलं. गिटारीच्या खालून. ठक ठक. ठक ठक. ठक ठक ठक.

मी कात्री कमरेला खोचली आणि चालायला लागले. डोक्यात काहीही नव्हतं. पायांना माहीत होतं कुठं जायचं. दोन ओळी ओलांडल्यावर हिराबाईची हाक आली. "काकू, कुठं निघाल्या?"

"त्यांना भांडं हवंय," मी म्हटलं.

आपण काय बोललो ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं. मालक जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि हे त्या बायांना माहीत होतं. हिराबाई हलक्या आवाजात म्हणाली, "कविता, बंद कर ते."

"नको," मी म्हटलं. "चालू दे."

मी तिथंच उभी राहून ऐकलं. दोन, दोन, तीन. पुन्हा दोन, दोन, तीन. किती वेळा ते मी मोजलं नाही. मग दोन, तीन. मग ठोके थांबले. गिटारही थांबली. नुसतं काहीच नाही, बराच वेळ. कविताला काही माहीत नव्हतं, बिचारी मान वर करून म्हणाली, "इथं किती शांत वाटतं ना, काकू."

दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस मला असा आठवतो.

सकाळी धुकं होतं. घडावरून पाणी टपकत होतं म्हणून औषधाला उशिरा सुरुवात करायची ठरली. योगेशनं चार दिवस रजा काढली होती. चहा पिताना म्हणाला, "आई, तू जा बागेत निवांत. मी आहे घरी. बाबांकडे बघतो." मनीषा शाळेत गेली. मी मालकांना पुसलं, भरवलं, पेला हाताशी ठेवला आणि गेले. ड्रममध्ये औषध कालवलं, बायांना मग वाटले. त्या दिवशी हातांची कातडी सोलल्यासारखी झाली होती. बाया बोरं खात होत्या, बिया थुंकत होत्या. असलं सगळं लख्ख आठवतं. मालकांच्या खोलीची खिडकी बागेच्या तोंडावर आहे, आमची ओळ खिडकीपासून फार तर शंभर पावलं.

आणि मला ऐकू आलं.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा ठोके पडले तेव्हाच मला ऐकू आलं. दोन, दोन, तीन. काय हवंय ते मला कळलं. मनात म्हटलं, योगेश आहे घरी. थोड्या वेळानं पुन्हा ऐकू आलं. तेव्हा मनात काय आलं तेही सांगते. आलं, की करू दे त्याला एकदा. दीड महिना मी आणि ती पोरगी बापाचं काढतोय, एकदा भांडं त्याच्या हातात येऊ दे, कळू दे कसं असतं ते. मी घड मगात बुडवला, काढला, पुढचा धरला. तिसऱ्यांदा ऐकू आलं तेव्हा मी ड्रमकडे बघितलं. औषध अर्धं शिल्लक होतं. ते कारण चांगलं होतं. कोणी विचारलं असतं तर मी तेच सांगणार होते.

एक वाजता भाकरी खायला घरी गेले. मालक फरशीवर होते. स्वतः उठायला गेले असणार. कपडे भिजलेले, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, पेला पलंगाखाली लवंडलेला. डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच होते. मी कोठीचं दार बडवलं, लाथ घातली. योगेशनं दार उघडलं, एका कानावरचं झाकण बाजूला केलं आणि हसून म्हणाला, "जेवायला वाढतेस?"

द्वारकेच्या चौकात ॲम्ब्युलन्स गाड्यांत अडकली. भोंगा वाजतोय आणि पुढचा टेम्पोवाला आरशात बघून पान थुंकतोय. खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, घरी आणलं, मग छातीत कफ भरला. घडात साखर भरायच्या आधी मालक गेले. त्या वर्षी माल चांगला आला. व्यापारी म्हणाला, काकू, मणी कसा काचेसारखा आहे. त्याच्या कानाखाली द्यावी असं वाटलं.

मी योगेशला त्या दिवसाबद्दल कधी काही बोलले नाही. लोकांना वाटलं, आईनं मोठ्या मनानं घेतलं. कसलं मोठं मन. बोलले असते तर माझंही निघालं असतं.

तर यंदा, त्या दिवशी बागेतून परत आले तेव्हा संध्याकाळ होत होती. योगेश ओट्याशी बसून मेथी निवडत होता, मनीषा भाकरी टाकत होती.

"त्या अठरा मिनिटांच्या गाण्यात ठोके कोणाचे आहेत?" मी विचारलं.

त्याच्या हातातली काडी खाली पडली. "कळलं तुला?"

"मला नाही तर कोणाला कळणार?"

"मी सांगणार होतो, आई."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

मनीषानं गॅस बंद केला. योगेश हळू आवाजात बोलायला लागला. मला त्या हळू आवाजाचीच चीड येत होती. त्यानं सांगितलं, की बाबांचं सगळं उरकल्यावर त्यानं त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. अगदी बारीक ऐकू येत होतं. पलंगाचा पाइप भिंतीला टेकलेला, भिंतीतून माइकमध्ये आलेलं. आधी कळलंच नाही काय आहे. मग त्यानं आवाज वाढवला आणि कळलं.

"त्या रात्री पुसून टाकणार होतो. हात धजला नाही. बाबांचा आवाज तर आधीच गेला होता, आई. माझ्याकडे त्यांचं तेवढंच आहे. मग मी आधीची गिटार पुसली आणि त्या ठोक्यांवर नव्यानं वाजवायला बसलो. दहा महिने लागले. कानातली टिकटिक बंद केली. बाबा जसे वाजवत होते तसा मागून गेलो. ते सातात वाजवत होते. सात, सात, सात, आणि शेवटी पाच. मी एकदाही त्यांच्या पुढं गेलो नाही."

"सात?" मी म्हटलं.

"सात मात्रा. मोजून बघ."

"मला मोजायला शिकवू नको. सात नाहीत ते. दोन, दोन, तीन आहेत. दोन म्हणजे भांडं. पुन्हा दोन म्हणजे लवकर आण. तीन म्हणजे कूस बदल. तुझा बाप ताल धरून बसला नव्हता. अंथरुणात होणार होतं म्हणून हाका मारत होता."

योगेशची बोटं मेथीच्या जुडीत तशीच.

"आणि पाच?"

"दोन आणि तीन. दुसऱ्यांदा मागायची ताकद राहिली नसेल."

मनीषा भिंतीकडे तोंड करून उभी होती. म्हणाली, "मला दिवाळीतच कळलं होतं, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगू? तुम्हाला का यांना? ज्याला सांगितलं असतं त्याचं जेवण तुटलं असतं." हे तिनं रागानं सांगितलं. आमच्या घरात पहिल्यांदा मी तिला रागावलेली बघितली आणि मला बरं वाटलं.

"काढून टाक ते," मी योगेशला म्हटलं. "जग माझ्या नवऱ्याच्या हाकेवर मान डोलावतंय. आजच्या आज काढ."

तेव्हा त्यानं सांगितलं की पुण्याचे मित्र त्या अल्बमची मोठी काळी तबकडी काढताहेत, हल्ली पुन्हा ऐकतात म्हणे लोक, आणि सगळं उद्या पाठवायचं आहे. एकदा तबकडी निघाली की त्यात बदल नाही.

"मग आजच काढ."

तो "हो आई" म्हणाला आणि आत गेला. मेथी मीच निवडली.

सकाळी चहाच्या वेळी त्यानं कॉम्प्युटर माझ्यासमोर आणला. डोळे लाल होते. म्हणाला, "काढलं. ऐक." मी पूर्ण ऐकलं, अठराच्या अठरा मिनिटं, हातावर हात ठेवून. ठोके नव्हते. गिटार होती, गोड, मऊ, गुळगुळीत. त्यात कोणी आजारी नव्हतं. कोणी पडलं नव्हतं. शेवटी ती थांबायची जागा आली आणि खरंच छान वाटलं, बागेतल्या वाऱ्यात बसल्यासारखं.

मग त्यानं तबकडीचं पाकीट दाखवलं, स्क्रीनवर. पुढच्या बाजूला आमच्या मांडवाचा फोटो, धुक्यातला. मागच्या बाजूला खाली बारीक अक्षरांत एक ओळ. "आईला, जिनं मला शांतता दिली."

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. आधीच लिहिलं होतं."

मी ती ओळ पुन्हा वाचली. असा राग मला त्या दिवशी फरशीवर मालकांना बघूनसुद्धा आला नव्हता. पण तो राग आता योगेशवर धरता येईना. त्यानं चुकीचं केलं, झाकणं लावून बसला, बापाला विसरला. पण सापडलं तेव्हा दहा महिने तो त्या ठोक्यांसमोर बसून राहिला. त्यानं पुसलं नाही. मी मात्र काल एका दमात पुसायला सांगितलं, आणि का सांगितलं ते मला ती ओळ वाचताना कळलं. ठोके गेले की मालकांची हाक गेली. हाक गेली की ऐकणारी बाईही गेली. मागं उरणार कोण, तर शांतता देणारी आई. तबकडीवर छापलेली.

"पुन्हा घाल ते," मी म्हटलं.

"काय?"

"ठोके. होते तसे घाल. आणि ती ओळ खोड."

"आई, तूच तर काल..."

"काल म्हटलं. आज हे म्हणते. खोड आणि मी सांगते ते लिही."

मनीषा शाळेची पर्स खांद्याला लावून दारात थांबली होती. ती गेली नाही.

योगेशनं ओळ खोडली. "सांग."

"लिही. यात जे ठोके आहेत ते माझ्या वडिलांचे आहेत. त्यांना बोलता येत नव्हतं."

त्यानं लिहिलं.

"दोन म्हणजे भांडं. तीन म्हणजे कूस बदला."

"भांडं लिहू? तबकडीवर?"

"भांडंच मागत होते ते. लिही."

त्यानं लिहिलं.

"मुलगा भिंतीपलीकडे गिटार वाजवत होता. त्याला ऐकू आलं नाही."

त्यानं तेही लिहिलं. मग त्याला वाटलं झालं. त्यानं हात उचलला.

"अजून आहे," मी म्हटलं. "त्यांची बायको बागेत होती. तिला ऐकू आलं."

त्यानं मान वर केली. "ऐकू आलं?"

"हो."

"किती वेळा?"

"दर वेळी."

"मग?"

"मग काही नाही. मी घड बुडवत राहिले. म्हटलं, तू आहेस घरी, एकदा तू कर."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडावं असं फार वाटत होतं. त्याच्या गळ्याची शीर वर आली, पहिल्यासारखी, शेडमध्ये दार उघडून माझ्यावर खेकसायचा तेव्हा यायची तशी.

"दोन वर्षं, आई," तो म्हणाला. आवाज हळू नव्हता. "दोन वर्षं मी त्या कोठीत पाय ठेवताना मेलोय. आणि तुला ऐकू आलं होतं."

"हो."

"बोलली का नाहीस?"

"दोषाचा तू एकटा धनी होतास तोवर मला बरं होतं."

मनीषा दारातून म्हणाली, "अहो, लिहा." एवढंच. मग पर्स खाली ठेवली आणि पायरीवर बसली.

योगेशनं लिहिलं. "बायको बागेत होती. तिला ऐकू आलं." प्रत्येक अक्षर जोरात दाबून. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी बोट फिरवत सगळं वाचलं. चौथीपर्यंतच शाळा झाली, पण तेवढं वाचता येतं. एक काना राहिला होता, तो त्याला घालायला लावला.

"पाठव," मी म्हटलं.